चोवीसपैकी तेरा

अब्बांचं म्हणणं असं, की
तीन पावसाळे आढ्याला टांगलेला भोपळा
वेगळाच बोलतो.
मिरजेत आमच्या गल्लीत हे कुणी तपासत नाही,
मीठ खारट आहे का हे कुणी तपासत नाही तसं.

मी सांगलीहून कॉलेजची वही घेऊन आले
आणि म्हटलं, तपासू.

सहा तानपुरे. तीन जुन्या भोपळ्यांचे, तीन यंदाच्या.
पॉलिश एकच, तारा एकाच रिळाच्या,
सगळे काळी चारला लावलेले.
दुकानाच्या मधोमध दोरीवर अम्मीची निळी चादर.
चादरीपलीकडे ढवळेबाई वाजवायला.
कुठला जुना, कुठला नवा, त्यांनाही सांगितलं नाही;
बोट मनाचं ऐकतं, आणि मन आधीच ठरवून बसतं.
मुबारकनं तानपुऱ्यांना आकडे चिकटवले,
खरी यादी खिशात घातली
आणि तो गॅरेजवर निघून गेला,
त्याचा चेहरासुद्धा कुणी वाचू नये म्हणून.
क्रम चिठ्ठ्यांनी. चहाच्या डब्यातून मी काढल्या,
प्रत्येकाला चार वेळा, चोवीस फेऱ्या.

वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहिलं होतं:
अठरा किंवा जास्त आले तर अब्बांचं म्हणणं टिकलं.
आणि खाली, दोन रेघा मारून:
नंतर काही खोडायचं नाही.

अब्बा डोळे मिटून बसले.
जुना. जुना. नवा.
मध्येच बराच वेळ काही बोललेच नाहीत,
मग, "परत छेडा." मी म्हटलं, परत नाही, अब्बा.
सतराव्या फेरीला जंक्शनवर इंजिनानं भोंगा दिला,
अगदी षड्ज बसतोय तिथं.
"नवा," ते म्हणाले. चेहरा वाकडा करून.

संध्याकाळी मुबारकनं यादी उलगडली.
सतरावी चुकली होती.
माझी पेन्सिल आपोआप तिथं गेली. भोंगा होता ना.
मग आठवलं, नवव्या फेरीला
भंगारवाला दारावरून ओरडत गेला होता,
आणि नववी बरोबर आली होती.
ती खोडावी असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

पेन्सिल खाली ठेवली.

चोवीसपैकी तेरा.
रुपया उडवत बसलो असतो तरी बारा आले असते,
एखादा इकडेतिकडे.

ढवळेबाई उगाच पर्स शोधायला लागल्या.
मी म्हटलं, अब्बा, फरक नाहीच असं यातून निघत नाही,
आपल्याला दिसला नाही, एवढंच निघतं.
समजूत घालायला म्हटलं. पण होतंही ते खरं.

त्यांनी वही मागितली.
रांगांवरून बोट फिरवलं,
दांडीत गाठ कुठं आहे ते बघतात तसं,
हळू, उलटं, पुन्हा सुलटं.
"सहाही घोड्यांची जवारी कुणी काढली?"
तुम्हीच.
"भोपळा बघून काढली. नवा जिथं कमी पडला
तिथं कानस चार हात जास्त फिरवली.
सगळे सारखे बोलेपर्यंत उठलोच नाही मी.
हे कुठं धरलंयस तू?"

कुठंच नव्हतं धरलं.
भोपळा मोजायला बसले होते,
मोजला अब्बांचा हात.

पुढच्या खेपेला जवारी समोरच्या रफीकभाईंकडून,
भोपळे पोत्यात गुंडाळून, कान बांधता येत नाहीत तर
निदान डोळे तरी.
"आणि हे तेरा?" मी विचारलं.
"राहू दे. तारीख घाल."

मग काय आठवलं कुणास ठाऊक,
स्टुलावर चढून आढ्याचा एकेक भोपळा
टिचकी मारून बघायला लागले.
"तीन पावसाळे, तीन पावसाळे म्हणतो मी,
यावर कधी लिहिलंय कुणी, कुठला कधी टांगला?"
खाली हात केला.
"खडू दे."